काँक्रीट स्लॅबवर ग्लू-डाऊन (ग्लूने थेट चिकटवायचं) लाकडी फ्लोअरिंग स्वतः बसवायचंय, कोणी केलंय का?

अकोल्याचा_भाऊ (मॅकिनी, टेक्सास)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी थोडा वेळ काढून लिहा, लय उपकार होतील.

घर २००४ चं, डॅलसच्या उत्तरेला मॅकिनीत, एकमजली, बेसमेंट नाही, जमिनीवर थेट काँक्रीटचा स्लॅब. हॉल आणि त्याला लागून बेडरूमकडे जाणारा पॅसेज मिळून ४३० स्क्वेअर फूट भरतात, तिथे अजून पहिल्या मालकाच्या वेळचं कार्पेट आहे. आई दर वर्षी अकोल्याहून सहा महिन्यांसाठी येते, तिला दमा आहे, आणि आली की दुसऱ्या आठवड्यात खोकला सुरू होतो तो परत जाईपर्यंत राहतो. मागच्या खेपेला मी सोफा सरकवून कार्पेटचा एक कोपरा उचलून पाहिला तर खाली पिठासारखी धूळ बसलेली, व्हॅक्यूम करून करून वरचं स्वच्छ दिसतं पण खालचं कुठे जाणार. त्या दिवशी ठरवलं की ती यंदा ऑक्टोबरात यायच्या आत कार्पेट घराबाहेर काढायचं.

दोन ठिकाणी कोटेशन घेतलं, नुसती मजुरीच एवढी सांगितली की त्यात सगळं लाकूड येऊन वर पैसे उरले असते. म्हणून लाकूड मी आणलं आणि काम स्वतः करायचं ठरवलं. इंजिनिअर्ड व्हाइट ओक, अर्धा इंच जाड, पाच इंच रुंद, टंग-ग्रूव्ह (एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच), वर ३ मिलिमीटरचा खऱ्या ओकचा थर. १०% वाया जाईल धरून २४ फुटांचे २० बॉक्स घेतले, सध्या गॅरेजमध्ये रचून ठेवलेत. लेबर डेची जोडून तीन दिवसांची सुट्टी आहे तेव्हा उरकायचा विचार आहे.

फ्लोटिंग, म्हणजे न चिकटवता नुसतं अंथरलेलं, का नाही असं कोणी विचारेल म्हणून सांगतो, मित्राकडे क्लिक-लॉकचं फ्लोटिंग आहे, चाललं की टकटक वाजतं आणि मध्येच पायाखाली दबल्यासारखं होतं. आईला गुडघ्यांमुळे पाय ठेवला की घट्ट लागलं पाहिजे, नाहीतर ती भिंत धरून चालते.

आता प्रश्न. स्लॅबमध्ये ओल आहे की नाही हे नक्की कसं बघायचं, प्लॅस्टिक चिकटवून बघतात ते पुरेसं आहे का? ग्लू कुठला, किती लागेल? गॅरेजच्या फरशीवर पोस्ट-टेन्शन असा ठप्पा मारलेला आहे, त्याने काही फरक पडतो का? आणि पहिली ओळ नेमकी कुठून धरायची, कारण व्हिडिओत प्रत्येक जण वेगळं सांगतोय आणि भिंती तर सरळ वाटतच नाहीत.


सातपुडा_एक्सप्रेस

भाऊ बाकीचं नंतर, आधी ते बॉक्स आज रात्रीच गॅरेजमधून घरात घे. ऑगस्टमध्ये टेक्सासचं गॅरेज म्हणजे भट्टी, दुपारी एक हवा आणि पहाटे दुसरी. जिथे बसवायचंय त्याच खोलीत आडवे ठेव, एसी रोज चालतो तसाच चालू दे. बॉक्स उघडून ठेवायचे की बंदच ठेवायचे हे त्या कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं, इंजिनिअर्डवाले बरेचदा बंदच ठेवा म्हणतात. आणि एक दहा-पंधरा डॉलरचं आर्द्रता दाखवणारं मीटर आणून खोलीत ठेव, ३० ते ५० टक्क्यांच्या मध्ये हवं.


कऱ्हाडची_लेक (ह्यूस्टन)

मी दोन वर्षांपूर्वी केलंय, हॉल आणि दोन बेडरूम, मी आणि माझी बहीण दोघींनीच, त्यामुळे सविस्तर लिहिते. होतं, पण तीन दिवसांत होत नाही. लाकूड चिकटवायला तीन दिवस लागतात, त्याच्या आधीची तयारी त्याहून जास्त खाते आणि सगळं यशापयश त्या तयारीत आहे.

आधी आईंबद्दल. बरं झालं त्या ऑक्टोबरमध्ये येतायत. साधा युरेथेन ग्लू घेतला तर त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, दम्याच्या माणसाला ते अजिबात चालत नाही, आणि लावताना आपल्यालाही खिडक्या उघड्या ठेवूनच काम करावं लागतं. सिलेनवर आधारलेले ग्लू मिळतात त्यात बहुतेक वेळा आयसोसायनेट नसतं, पण डब्यावरच्या जाहिरातीवर जाऊ नका, दुकानदाराकडून सेफ्टी डेटा शीट मागा आणि वाचा. दुसरा फायदा म्हणजे सिलेनवाला फळीवर सांडला तर ओला असताना पुसला जातो. युरेथेन एकदा वाळला की हातावरूनही निघत नाही, कातडीबरोबरच जातो. माझ्या बहिणीच्या बोटांवर दहा दिवस काळे डाग होते आणि त्याच आठवड्यात तिच्याकडे सत्यनारायण होता.

कार्पेट कटरने तीन-तीन फुटांच्या पट्ट्यांत कापा आणि गुंडाळून बाहेर काढा, अख्खं ओढायला जाऊ नका, वजन तर असतंच आणि धूळ सगळ्या घरात होते. खाली पॅड असतं, आणि भिंतीच्या कडेने खिळ्यांच्या लाकडी पट्ट्या काँक्रीटमध्ये ठोकलेल्या असतात. त्या पटाशीसारख्या पहारीने उचकटल्या की प्रत्येक खिळ्यापाशी काँक्रीटचा टवका उडतो. ते सगळे खळगे पॅच करून भरावे लागतात, मी मोजले नाहीत पण अख्खा रविवार त्यातच गेला. स्कर्टिंग काढाल तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलने नंबर टाका, परत लावताना डोकं शांत राहतं.

मग सपाटी. नॅशनल वुड फ्लोअरिंग असोसिएशनचा नियम ग्लू-डाऊनसाठी सहा फुटांत १/८ इंच किंवा दहा फुटांत ३/१६ इंच, त्यापेक्षा जास्त चढउतार चालत नाही. दहा फुटी सरळ अॅल्युमिनियमची पट्टी घेऊन खोलीभर फिरवा, खाली उजेड दिसतो तिथे खडूने गोल करा, पट्टी डुगडुगते तिथे फुली मारा. फुली म्हणजे घासायचं, गोल म्हणजे भरायचं. घासायला अँगल ग्राइंडरला डायमंड कप लावून वर डस्ट कव्हर आणि व्हॅक्यूम जोडायचाच. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात बसली की बाहेर येत नाही. मास्क साधा नको, पी-१०० घ्या. ज्या घरातून आईसाठी धूळ काढतोय त्याच घरात एसीच्या डक्टमधून ही धूळ पसरवायची नाही, म्हणून त्या दिवशी एसी बंद करा आणि खोलीतल्या सगळ्या जाळ्यांवर प्लॅस्टिक आणि टेप लावा.

ओलीसाठी मी प्लॅस्टिकचा चौकोन चिकटवून रात्रभर ठेवला होता, कोरडा निघाला, आणि मी पुढे गेले.

आता माझं जे चुकलं ते सांगते, तुमचं चुकू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा हात बसला असं वाटलं आणि मी एकदम मोठा पट्टा, साधारण ८० स्क्वेअर फुटांचा ग्लू पसरवून ठेवला. तेवढ्यात फायरप्लेसचा कोपरा आला, तिथे एकेक फळी वेडीवाकडी कापायला लागली, पाऊण तास तिथेच गेला. परत आलो तर ग्लूवर साय धरली होती, दुधावर धरते तशी, बोट लावलं तर बोटाला काही येईना. तेव्हाच सगळा खरवडून टाकायला हवा होता. एवढा महाग ग्लू टाकायचा म्हणून जीव झाला नाही आणि मी फळ्या तशाच दाबल्या. दीड महिन्याने तिथे चाललं की पोकळ आवाज यायला लागला. नंतर बारीक भोकं पाडून सिरिंजने ग्लू भरला, आवाज बराच कमी झाला पण एका जागी अजून येतो, रात्री पाणी प्यायला उठले की मला तो बरोबर ऐकू येतो. तेव्हा एका वेळी ३०-४० फुटांच्या वर पसरवू नका, आणि कोपऱ्याच्या, चौकटीच्या फळ्या आधी कोरड्या कापून ठेवल्याशिवाय डब्याला हात लावू नका. दर थोड्या वेळाने एक बसवलेली फळी उचलून उलटी करून बघायची, मागे जवळपास सगळीकडे ग्लू लागलेला दिसला पाहिजे. नुसत्या रेघा उमटल्या असतील तर एक तर ट्रॉवेल (ग्लू पसरवायची दातेरी थापी) चुकीचा आहे नाहीतर साय धरायला लागलीय.


फळी_आणि_गुण्या (ऑस्टिन)

ताईंनी फार चांगलं लिहिलंय, सायीची उपमा तर अगदी बरोबर. मी अकरा वर्षं याच धंद्यात आहे, वडील मिरजेला सुतार होते त्यामुळे माझ्या डोक्यात अजून सूत आणि गुण्याच असतं. सूत म्हणजे १/८ इंच; सहा फुटांत एक सूत, दहा फुटांत दीड सूत, एवढं लक्षात ठेवा, इंचांचे अपूर्णांक आठवायची गरज नाही.

एका गोष्टीत मात्र मी ताईंशी सहमत नाही, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. प्लॅस्टिकची टेस्ट ओल आहे एवढं सांगू शकते, ओल नाही हे सांगू शकत नाही. प्लॅस्टिकखाली घाम दिसला तर थांबायचंच, पण कोरडं निघालं म्हणून हिरवा कंदील नाही, कारण त्यातून आकडा मिळत नाही आणि ग्लूच्या डब्यावरची वॉरंटी आकड्यावर असते. काँक्रीट दिसायला दगड पण असतं स्पंजासारखं, खालच्या मातीतली वाफ वर येत राहते. इतकी वर्षं वर कार्पेट होतं, ते श्वास घेतं, वाफ निघून जात होती म्हणून कुणाला कळलं नाही. आता तुम्ही वर लाकूड चिकटवणार म्हणजे झाकण लावणार. मग ती वाफ फळीच्या पोटात शिरते, पोट फुगतं, वरची बाजू तेवढी फुगत नाही, आणि फळीच्या दोन्ही कडा वर येऊन मध्ये खोलगट होतं. एकदा तसं झालं की अर्धी जमीन उखडावी लागते, आणि ग्लू चांगला असेल तर फळीबरोबर काँक्रीटही निघतं.

आकड्याच्या टेस्ट दोन. एकात स्लॅबला भोक पाडून आत आर्द्रतेचा प्रोब ठेवतात, भोक स्लॅबच्या जाडीच्या ४०% खोल, म्हणजे चार इंचाच्या स्लॅबला १.६ इंच. ही सगळ्यात खरी टेस्ट. पण भाऊ तुझ्या गॅरेजमध्ये ठप्पा आहे ना, तो काय म्हणतोय ते समजून घे. तुझ्या स्लॅबच्या आत पोलादी केबल ओढून ताणलेल्या आहेत, अर्ध्या इंचाची एकेक केबल ताणताना ३३,००० पौंडांच्या आसपास जोर लावतात. स्कॅन न करता तिथे ड्रिल घालायचं नाही, म्हणजे नाहीच. केबल तुटली तर स्लॅब फोडून बाहेर येऊ शकते, माणूस जायबंदी होतो, आणि घराचा पाया गेला तो वेगळा.

ह्या केबल का असतात ते अकोल्याच्या माणसाला लगेच कळेल. मॅकिनीखाली ब्लॅकलँडची काळी चिकणमाती आहे, तुमच्याकडच्या कपाशीच्या काळ्या जमिनीचीच जात. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. तिच्यावर साधा स्लॅब टाकला तर तो जमिनीबरोबर वाकून तडकेल म्हणून केबलने आवळून धरतात. तुझ्या अंगणात जुलैमध्ये हात जाईल एवढी भेग पडते की नाही बघ.

म्हणून तुझ्यासाठी दुसरी टेस्ट, कॅल्शियम क्लोराइडची. किट मिळतं, स्लॅबचा वीस इंचाचा चौकोन घासून स्वच्छ करून २४ तास उघडा सोडायचा, मग वजन केलेली डबी तिथे ठेवून वर पारदर्शक झाकण चिकटवायचं, ६० ते ७२ तासांनी डबीचं वजन परत करायचं. हजार फुटांपर्यंत तीन ठिकाणी करतात. उत्तर येतं ते हजार स्क्वेअर फुटांतून २४ तासांत किती पौंड वाफ निघाली असं. जुना ठोकताळा ३ पौंडांच्या आतला, त्यावर गेलं तर ओल अडवणारा ग्लू घ्यायचा, त्याच्या डब्यावर तो किती पौंडांपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. टेस्टच्या वेळी एसी चालूच हवा, रिकाम्या गरम घरात केलेल्या टेस्टला अर्थ नाही.

ग्लूचा हिशोब. ओल अडवायचं काम तो ग्लू तेव्हाच करतो जेव्हा पूर्ण जाडीचा थर बसतो, म्हणून कंपनीने सांगितलेलाच दातांचा ट्रॉवेल घ्यायचा. गॅलनला ३५ फूट धर, चार गॅलनच्या डब्यात १४० फूट. तीन डब्यांत ४२० होतात, तुला ४३० पाहिजेत, तेव्हा चार डबे घे आणि चौथा उघडला नाही तर परत कर. दहा फुटांसाठी शेवटी थर ताणत बसू नकोस, तिथूनच ओल वर येईल. आणि काँक्रीटवर घासून ट्रॉवेलचे दात झिजतात, दोन डब्यांनंतर नवा घे. दात अर्धे झाले की थरही अर्धा होतो आणि डोळ्यांना ते कळत नाही.

पहिली ओळ भिंतीवरून कधीच धरायची नाही. हॉलची लांब बाजू आणि पॅसेज ह्या दोन्हींना जुळेल अशी मध्ये एक दोरी मार, ३-४-५ चा त्रिकोण काढून गुण्यात (काटकोनात) आहे का बघ, आणि त्या रेषेवर सुरू कर. रेषेवर आधाराला पट्टी ठोकतात पण तुझ्या स्लॅबला खिळा मारायचा नाही, म्हणून पहिल्या तीन ओळी अगदी मन लावून चिकटव, निळ्या टेपने एकमेकींना आवळ, वर वजन ठेव आणि रात्रभर सोड. सकाळी त्याच ओळी तुझा पक्का आधार होतात. मग दोन्ही बाजूंना जाता येतं, उलट्या बाजूला ग्रूव्हमध्ये स्प्लाइन (दोन खाचा जोडणारी बारीक पट्टी) घालून. टेप सकाळी लगेच काढ, एखाद्या फळीवर आधी लावून बघ, काही पॉलिश टेपबरोबर निघतात.

भिंतीपासून सगळीकडे अर्धा इंच जागा सोड, स्कर्टिंगखाली झाकली जाते. चौकटीभोवती फळी कोरत बसू नकोस, चौकटीचा पाय खालून कापून फळी त्याच्या खाली सरकव, ते काम सगळ्यात सुबक दिसतं. आणि कुठल्याही एका बॉक्समधून ओळीने लावत जाऊ नकोस, चार-पाच बॉक्स एकदम उघडून रंग मिसळ, शेजारच्या ओळींचे जोड निदान सहा इंच पुढेमागे ठेव.


काळा_घोडा_नाही_निळा (सॅन अँटोनियो)

मध्येच विचारतो. आमचं घर १९७४ चं, कार्पेट काढलं तर खाली जुन्या टाइल निघाल्या आणि टाइलखाली काळा डांबरासारखा ग्लू. हा घासून काढला तर नवा ग्लू धरेल ना?


फळी_आणि_गुण्या (ऑस्टिन)

घासू नका! त्या काळातल्या काळ्या ग्लूत आणि टाइलमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं, नऊ इंची टाइल असतील तर शंका आणखी दाट. आत्ता आहे त्या जागी सोडा, झाडूही मारू नका, ओला कपडा टाका. लॅबकडे नमुना पाठवून आधी खात्री करा, निघालं तर परवाना असलेले लोक काढतात किंवा सील करून त्यावर दुसऱ्या पद्धतीची जमीन करता येते. ग्राइंडर लावायचा नाही.


पेठेतला_रहिवासी (पुणे)

इथे पुण्यात फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइलवर असं लाकूड चिकटवता येईल का, टाइल फोडायची नाहीये. आजोबांच्या वाड्यात वरच्या मजल्याला सागवानी फळ्यांची जमीन होती, ती पायाला कशी लागायची ते अजून आठवतं, म्हणून एका खोलीपुरतं तरी करायचं मनात आहे.


फळी_आणि_गुण्या (ऑस्टिन)

येतं, पण टाइलची चकाकी घासून खरबरीत करावी लागते, नाहीतर ग्लू काचेवर लावल्यासारखा सुटतो. प्रत्येक टाइल ठोकून बघा, पोकळ वाजेल ती काढून भरून घ्या. सांध्यांच्या रेघाही भरून एकसंध करा. तुमची खरी अडचण हवा आहे. एप्रिलमध्ये पुणं कोरडंठाक आणि जुलैत खिडकी उघडी ठेवली की कपडे वाळत नाहीत, एवढा फरक इंजिनिअर्ड लाकूडसुद्धा सहज सोसत नाही. अरुंद फळी घ्या, तीन-साडेतीन इंची, काम पावसाळ्यात करू नका आणि मे अखेरच्या कोरड्या हवेतही नको, दिवाळीनंतर करा. वाड्यातल्या फळ्या खालून-वरून मोकळ्या होत्या, हवा दोन्हीकडून लागायची म्हणून त्या शंभर वर्षं टिकल्या. त्या चिकटवलेल्या नव्हत्या.


अकोल्याचा_भाऊ (मॅकिनी, टेक्सास)

सगळ्यांचे मनापासून आभार, फळीदादा आणि ताई तुमचे विशेष. काळ्या मातीचं वाचून मागच्या अंगणात गेलो, कुंपणाजवळ खरंच भेग आहे, हाताची चार बोटं आत गेली. आपल्या मूर्तिजापूरच्या वावरात मे महिन्यात अशीच भेग असते आणि आजी म्हणायची तिच्यात पाय घालू नको. वीस वर्षं झाली इकडे येऊन आणि पायाखाली तीच माती आहे हे मला आज कळलं.

लेबर डे रद्द केला, फक्त कार्पेट काढलं. टेस्टचे आकडे, पौंडांत: पॅसेज ३.४, हॉलचा मध्य ४.१, मागच्या अंगणाच्या दाराजवळ ५.६. म्हणजे प्लॅस्टिकवर विसंबून साधा ग्लू घेतला असता तर दारापाशी फसलो असतो. त्या दाराजवळ बाहेर छताच्या पन्हाळीचं पाणी थेट भिंतीला पडत होतं ते लक्षात आलं, पाइप लावून सहा फूट लांब सोडलं. सपाटीत फायरप्लेससमोर दहा फुटांत तीन सूत खड्डा निघाला. प्रायमर मारून सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारं मिश्रण) ओतावं का?


फळी_आणि_गुण्या (ऑस्टिन)

तीन सूत असेल तर हो. पण आधी पाण्याचे थेंब टाकून बघ, स्लॅबने प्यायले तर ठीक, मोत्यासारखे वर राहिले तर वर काहीतरी सीलर किंवा रंगाचे डाग आहेत, आधी ते घासून काढावे लागतील नाहीतर लेव्हलिंगही सुटेल आणि ग्लूही. आणि बाहेरचं पाणी वळवलंस ते फार बरं केलंस, पंधरा दिवसांनी दाराजवळ परत एक टेस्ट कर.


अकोल्याचा_भाऊ (मॅकिनी, टेक्सास)

झालं! उशीर झाला लिहायला, पण काम झालं. दाराजवळची दुसरी टेस्ट ४.३ आली, तरी ओल अडवणारा सिलेनवालाच घेतला, ८ पौंडांपर्यंतचा. चारही डबे उघडले, चौथ्यातला अर्धा उरला.

तयारीला सलग तीन शनिवार-रविवार, चिकटवायला चार दिवस, दोघं जण, मी आणि माझा चुलतभाऊ. पहिल्या तीन ओळींना अख्खी संध्याकाळ दिली. तेव्हा वाटत होतं फार वेळ जातोय, पण दुसऱ्या दिवशी त्या ओळींना ठोकळ्याने ठोकलं तरी केसभर हलल्या नाहीत आणि तिथून पुढे पॅसेजच्या टोकापर्यंत फट नाही. ताई, तुमच्या सायीचं वाक्य आम्ही कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. एकदा बायको चहा घेऊन आली आणि आम्ही बसलो, परत गेलो तेव्हा दोन-अडीच फुटांच्या पट्ट्यावर बोट लावलं तर कोरडं, लगेच पटाशीने खरवडून बादलीत टाकलं. जीव हळहळला पण टाकलं. दर दहाव्या-बाराव्या फळीला उलटं करून बघितलं, मागे सगळीकडे ग्लूचे तार लागलेले, ते बघून फार समाधान वाटायचं. शेवटी शंभर पौंडांचा रोलर भाड्याने आणून दोनदा फिरवला, आणि चोवीस तास कुणी पाय ठेवला नाही.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर पहिला प्रश्न, सागवान नाही का? मी म्हटलं बाबा, लाकडाचा कठीणपणा मोजायची जांका म्हणून एक पद्धत आहे, त्यात व्हाइट ओक १३६० आणि सागवान १०७० च्या आसपास, म्हणजे ह्यात लवकर खोक पडणार नाही. ते म्हणाले, खोक पडू दे, वाळवी लागणार नाही ना ते सांग. त्यावर मला उत्तर देता आलं नाही, सागवानाला वाळवी सहजासहजी लागत नाही हे खरंच आहे आणि इथे टेक्सासमध्ये वाळवी भरपूर. आता बाहेरून वाळवीची तपासणी करून घेतोय.

आई मागच्या गुरुवारी आली. चप्पल काढली, हॉलच्या मध्यापर्यंत गेली आणि परत आली, भिंत धरली नाही. खोकल्याचं आत्ताच काही बोलत नाही, दोन आठवडे जाऊ देत.

एक काम राहिलंय. पॅसेजच्या टोकाला किचनची टाइल लागते, तिथे उतार द्यायला रिड्यूसर पाहिजे. दुकानात तयार व्हाइट ओकचा मिळतोय पण पिवळट दिसतो, माझी जमीन फिकट राखाडीकडे झुकते. आईचा पाय नेमका तिथेच अडखळतो म्हणून लवकर करायचंय. कोणी स्वतः रंग जुळवलाय का?


फळी_आणि_गुण्या (ऑस्टिन)

वाळवीची तपासणी कर, बाबांचं बरोबर आहे.

रिड्यूसर पॉलिश न केलेला कच्चा व्हाइट ओकचा घे, लांबी थोडी जास्तच. दोन-तीन राखाडी स्टेन छोट्या डब्यांत आण, त्याच्याच कापलेल्या तुकड्यांवर लावून रात्रभर वाळू दे. वर वॉटर-बेस्ड पॉलिश मार, ऑइलवालं वर्षभरात पिवळं पडेल आणि तू जिथून निघालास तिथेच येशील. तुकडे जमिनीवर ठेवून सकाळी उजेडात बघ आणि रात्री पॅसेजचा दिवा लावूनही बघ, दोन्हीकडे जुळेल तोच घे. आणि चिकटवेपर्यंत त्या कडेला रंगीत टेपची जाड पट्टी लावून ठेव, आईंना लांबून दिसेल अशी.


कऱ्हाडची_लेक (ह्यूस्टन)

आणि उरलेल्या फळ्यांचा निदान एक बॉक्स ठेवा, गॅरेजमध्ये नाही, घरात पलंगाखाली. खोकल्याचं दोन आठवड्यांनी नक्की लिहा, मी वाट बघतेय.